मुकी गाडी

मगनआप्पांची जुनी गाडी इतकी खडखडायची, की शेजारी बसलेल्या बायकोचे, नर्मदाबाईंचे, नुसते ओठ हलताना दिसत. त्या कानबाई देवीची गाणी म्हणत. घरात मात्र नवऱ्यासमोर कधीच नाही. ती एकदा तरी ऐकावीत, म्हणून आप्पांनी शहाद्याच्या गॅरेजात दारांना नवं रबर, पायांखाली फोम बसवून घेतला. पौषातल्या सकाळी दोघं तळोद्याला निघाली. आत एवढी शांतता, की बाईंच्या बांगड्याही ऐकू येत होत्या. ओठ मात्र मिटलेले. “म्हन ना गानं,” आप्पा पुटपुटले. “आते तुम्हले सगळं ऐकू ई!” बाईंनी तोंडाला पदर लावला. ओशाळलेल्या आप्पांनी हँडल फिरवून काच खाली केली. “इतली थंडीमा?” “गरम व्हई ऱ्हायनं.” वारा आणि ट्रकांची घरघर आत शिरली. पदर हळूच खाली आला. ओठ हलू लागले. ऐकू न येणाऱ्या गाण्याला आप्पांनी स्टिअरिंगवर ताल धरला.