हेडफोनमधला माणूस

चाळिशी उलटल्यावर कोरीनने बँकेची नोकरी सोडली. तिला स्पीच थेरपिस्ट व्हायचं होतं. पण त्या पदवीला प्रवेश मिळण्याआधी पाच विषय पास होणं भाग होतं. उच्चारशास्त्राचा गृहपाठ म्हणून ती रोज हेडफोन लावून कुणा पुरुषाचं बोलणं ऐकायची, एकेक उच्चार वहीत उतरवायची आणि मधेच गालात हसायची.

"या आवाजावर कुणीही भाळेल गं," ती फोनवर बहिणीला म्हणाली, तेव्हा तिचा नवरा वेंडेल आतून पेटला. पण जाब विचारायची सोय नव्हती. ती अंघोळीला गेल्यावर त्याने हेडफोन कानाला लावला.

"कोरी, डोनट घेऊन निघालोय गं, कॉफी टाक!"


आवाज त्याचाच होता, पक्षाघाताने वाचा जाण्याआधीचा. आणि वेंडेल त्या माणसावर आणखीच जळला.