लाल ठिपका

समोरच्या तळमजल्याच्या खिडकीत लाल ठिपका नव्हता. चहाचं आधण ठेवता ठेवता लेकीने ते पाहिलं आणि तिला हायसं वाटलं. आई उठली. आज जरा लवकरच उठली म्हणायची.

ठिपका आईच्या टीव्हीचा. म्हातारी रात्री अंथरुणातूनच रिमोटने टीव्ही बंद करायची, मग तो लाल दिवा रात्रभर तेवत राहायचा. सकाळी उठली की पहिलं काम भिंतीवरचं बटण बंद करण्याचं. गल्ली अरुंद, त्यामुळे अंधारात ठिपका इथून स्वच्छ दिसायचा. तो गेला म्हणजे आई उठली, आणि उठली म्हणजे आहे. 'सकाळी एक फोन करत जा,' असं लेकीने एकदा सुचवून पाहिलं होतं. 'हजेरी द्यायला मी काय शाळेत आहे?' असं उत्तर मिळालं. तेव्हापासून ती गुपचूप ठिपक्यावर नजर ठेवायची. कुणाला सांगायची सोय नव्हती; आईच्या कानावर गेलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

चहा झाला, आंघोळ झाली. गळ्यात टेप अडकवून लेक शिलाई मशीनवर बसली. गिऱ्हाइकाच्या कोटाची एक बाही जोडून झाली, तोच धाकट्या भावाचा फोन आला. स्वारी भलतीच खुशीत होती.

"ताई, काल आईकडे जाऊन एक काम उरकून आलो बघ. तिच्या टीव्हीला टायमर बसवला."

"कसला टायमर?"

"अगं, रात्रभर स्टँडबायवर ठेवते ती. नळ ठिबकत ठेवून झोपण्यासारखंच ते. आणि भडकाबिडका उडाला तर? आता तिची झोपायची वेळ झाली की करंट आपोआप तुटतो. बटण दाबायची कटकटच नको."

मशीन थांबलं.

"म्हणजे रात्रीच बंद झाला तो?"

"हो. का गं? ताई? ऐकतेस ना?"

ठिपका आईने घालवलाच नव्हता. आणि आपण इकडे निवांत चहा पीत बसलो, गाणं गुणगुणत बाही जोडत बसलो.

आईच्या घराची किल्ली घेऊन ती धावत सुटली. चपला घालायचंही भान राहिलं नाही.

दाराला अडकवलेली दुधाची पिशवी तशीच होती. "आई! ए आई!" दार ठोकलं, पुन्हा ठोकलं. आत हूं की चूं नाही. तिने घाईघाईने किल्ली कुलपात घालून दार उघडलं.

पलंग रिकामा. आई टीव्हीसमोरच्या खुर्चीत होती. अंगावर शाल, मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं, मुठीत रिमोट घट्ट धरलेला.

लेक दोन पावलांवर खिळून उभी राहिली. हात लावला की कळणार होतं, आणि तिला कळून घ्यायचं नव्हतं. शेवटी तिने वाकून पावलाला हात लावला. पाऊल थंडगार होतं. आईचे पाय बाराही महिने थंडच असतात, पण त्या घडीला ते कुठलं आठवायला? ती मटकन खाली बसली.

"टेप घेऊन आलीस? माझं माप घ्यायला?"

आई डोळे किलकिले करून तिच्याकडे बघत होती.

लेकीला रडू फुटलं, आणि रडता रडताच ती ओरडली, "खुर्चीत कशाला झोपलीस? पलंगाला काय काटे आले होते?"

आईने रिमोट टीव्हीवर रोखून दाबला. "हा मेला लागतच नाही. रात्री झोपायला गेले, बघते तर लाल दिवा गेलेला."

"धाकट्याने टायमर लावलाय. सांगितलं नाही तुला?"

"बोलला काहीतरी. मी मालिका बघत होते." आईने शाल आवळून घेतली. "मग झोपलेच नाही. पहाटे कधी डोळा लागला कळलं नाही. दिवा दिसला नाही की तुला वाटणार, आई उठली. आणि मी तशीच पडलेली असले तर?"

"तुला माहीत होतं?"

"तुझ्या स्वयंपाकघरात दिवा असतो, माझ्याकडे अंधार. रोज चहा उकळेपर्यंत उभी असतेस ती मला दिसत नाही होय?" मग आवाज खाली आला. "भीती वाटली गं मला."

हे वाक्य लेकीने आईच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं. टीव्हीमागे हात घालून तिने टायमर उपटला आणि प्लग सरळ भिंतीत लावला. दिवा लागला.

आईने तो नीट बघून घेतला आणि ती पलंगावर जाऊन आडवी झाली.

"जरा पडते आता. तू जा."

"थांबते ना मी."

"इथे माझ्या तोंडाकडे बघत बसू नकोस. तिकडून बघ."

लेक घरी आली. तिने मशीन ओढून खिडकीशी नेलं. ऊन चांगलंच वर आलं होतं, समोरची काच नुसती चमकत होती. ठिपका पेटलेला असूनही इथून दिसत नव्हता. दुसरी बाही हातात तशीच धरून ती त्या काचेकडे बघत राहिली.