मोरपंखी सोफा

"दुसरा कुठलाही घ्या, हा नको," जुन्या सामानाच्या दुकानाचा मालक म्हणाला. "वर्षभर पडून आहे. असला रंग कुणी घरात ठेवत नाही."

"म्हणूनच हवाय," ती म्हणाली.

सोफा मोरपंखी मखमलीचा होता, बंद पडलेल्या एका हॉटेलातून आलेला. एका हातावर सिगारेटने पडलेलं भोक होतं आणि मागचा पाय लुळा. तिने त्या भोकात बोट घालून नाक मुरडलं, पाय हलवून दाखवला, आणि भाव इतका खाली आणला की मालकाने कोपरापासून हात जोडले. पैसे बेताचेच होते तिच्याकडे. जीभ मात्र बेताची नव्हती.

"घरातलं कुणी सोबत नाही आलं?" त्याने विचारलं.

"त्यांना विचारलंच नाही."

घरातल्यांनी, म्हणजे दादाने, तिला रविवारपर्यंतची मुदत दिली होती. थोरला म्हणून घरात सगळेच त्याला दादा म्हणत आणि त्याचा शब्द शेवटचा मानत. "राहा वेगळी, हौस फिटेपर्यंत," तो म्हणाला होता. "रविवारी मी येऊन बघणार. राहण्याजोगं नसलं, तर मुकाट्याने माझ्यासोबत परत यायचं. कबूल?" ती कबूल म्हणाली. तिने भाड्याने घेतलेल्या फ्लॅटचा मालक दादाच्या ओळखीचा होता. दादाने एक फोन केला असता तर किल्ली परत द्यावी लागली असती.

दादाच्या घरी तिला कमी काहीच नव्हतं. मुलांच्या खोलीत एक पलंग तिचा होता. मुलांचे डबे तिने भरायचे, सिलिंडरवाल्याला दार तिने उघडायचं. पण भिंतीचा रंग, पडदे, अगदी तिच्या उशीचा अभ्रासुद्धा दुसऱ्या कुणीतरी ठरवलेला. तिने जन्मात एक पडदा स्वतःच्या पसंतीने लावला नव्हता. याचा तिला संताप येत असे, आणि तो कुणाला दिसत नाही याचा आणखी संताप.

आता ती दुकानं पालथी घालत सुटली. पाडलेल्या बंगल्याचं एक दार मिळालं. ते शिलाई मशीनच्या लोखंडी स्टँडवर आडवं टाकून तिने जेवणाचं टेबल केलं. एका शिंप्याने दुकान आवरलं होतं, त्याचा उंच आरसा आणला. चार खुर्च्या घेतल्या, चारही वेगळ्या, पण हात असलेल्याच. बिनहातांच्या खुर्चीकडे ती ढुंकूनही बघत नव्हती. चारींना तिने पॉलिश पेपरने घासून एकच काळा रंग दिला. नाट्यगृहाचा जुना पडदा कापून खिडक्यांना लावला. कुणीतरी चुकीचा म्हणून परत केलेला विटकरी रंगाचा डबा निम्म्या भावात मिळाला. रंगाऱ्याने तोंड वाकडं केलं, तेव्हा तिने ब्रश घेऊन भिंतीवर पहिला पट्टा स्वतःच ओढला. मोरपंखी सोफा त्या भिंतीसमोर आला, आणि रंगारी दोन पावलं मागे सरकून बघू लागला.

सोफा बुटका वाटला म्हणून तिने त्याखाली लाकडी ठोकळे बसवून घेतले. "जरा ऐटीत दिसू दे," ती म्हणाली.

शनिवारी ताईचा फोन आला. ताई दादाच्या पाठची, दोघांची मतं लहानपणापासून एक.

"दादाचं ऐक गं. बाबा गेल्यावर त्यानेच सगळं सांभाळलं ना? काय कमी केलं त्याने तुला?"

"काहीच नाही. ताई, तुझ्या घरातले पडदे कुणी निवडले?"

"मीच. का?"

"मग माझे मला निवडू दे," ती म्हणाली आणि भिंतीत खिळा ठोकायला गेली.

रविवारी दादा आला तो रिकामी सुटकेस घेऊनच. दारातच थबकला. मग नळ सोडून पाहिले, कडी लावून पाहिली, टेबल हलवून पाहिलं. टेबल हललं नाही, याचं त्याला वाईटच वाटलं.

"ही सगळी लोकांनी टाकलेली अडगळ आहे," तो म्हणाला.

"चुकीच्या घरात पडली होती म्हणून अडगळ. इथे आल्यावर कशी दिसते बघ."

"तुझ्या वयाच्या बायका अशा वेगळ्या राहतात का? लोक काय म्हणतील?"

"नसतील राहत. त्यांना असा सोफा मिळाला नसेल."

दादा चिडून त्याच सोफ्यावर बसला. तिने चहा आणला. तो मखमलीवरून हात फिरवत राहिला, उलटा, मग सुलटा. कप अर्धा झाला तेव्हा पुटपुटला, "छान केलंयस."

तिचा जीव भांड्यात पडला. चेहऱ्यावर तिने ते दिसू दिलं नाही.

"पण रात्री-अपरात्री काही झालं तर?"

"फोन आहे."

"आणि आमचं काय? मुलांचे डबे रोज उशिरा होतात. माझा निळा शर्ट कुठे ठेवलायस, कुणालाच सापडत नाही."

"कपाटात, मधल्या कप्प्यात, तुझ्या डोळ्यांसमोर."

दादाने कप खाली ठेवला. "म्हणजे तू येणारच नाहीस?"

"नाही. आणि पुढच्या वेळी येताना आधी फोन करायचा."

"अगं आई, पण..." दादाचा आवाज चिरकला.

"पन्नाशी उलटली तुझी," ती म्हणाली. "आता आईला सोडून राहायला शीक."