नमुन्याची बाटली

लातूरचं एक कॉलेज अन् जपानचं एक विद्यापीठ मिळून तुरीच्या टरफलापासून पाणी शुद्ध करायची गाळणी बनवत होतं. त्यासाठी शिरूर अनंतपाळजवळच्या गावात घरोघरच्या बोअरचं पाणी तपासायला नेत होते.

नीलम्माला हे काही खरं वाटेना. "जपानवाले आपलं पाणी फुकट कशाला तपासायलेत? काहीतरी काळंबेरं हाय." मागं शेजारच्या गावात असेच तपासणारे आले, अन् चालू बोअरला लाल रंग फासून तो बंद करून गेले.

कॉलेजातल्या मंजुश्रीनं रिकामी बाटली काढली, तशी नीलम्मानं ती हातातून ओढूनच घेतली. "आण इकडं, म्या भरून देते."

आत जाऊन तिनं बोअरचं नाही, विकतच्या थंड जारचं पाणी बाटलीत भरलं. सगळं घर बोअरचंच पाणी प्यायचं. जार यायचा तो फक्त गरोदर सुनेसाठी, वर्षाराणीसाठी.

महिन्याभरानं मंजुश्री पुन्हा दारात आली.

"बोअर बंद करायला आलीस न्हवं?" नीलम्मा उंबऱ्यातच आडवी उभी राहिली.

"नाही मावशी, सावध करायला आले. अख्ख्या गावात सगळ्यात खराब पाणी तुमच्या बाटलीतलं निघालं. फ्लोराइड फार आहे त्यात. घरात कुणी गरोदर असेल, तर तिला घोटभरसुद्धा देऊ नका."



आतून जारची तोटी सोडल्याचा आवाज आला.