हालवर्दुरचं नाव

“काल हालवर्दुर दिसला मला,” सोलरुन म्हणाली. “स्वप्नात.”

रान्वेगच्या हातातली सुई थांबली. दोघी सासूसुना सकाळपासून स्वयंपाकघरात मेंढीच्या पोटाच्या पिशव्या शिवत होत्या. हिवाळ्यासाठी त्या मेंढीच्या रक्तात कालवलेलं पीठ भरून उकडायच्या होत्या. सुनेला आठवा महिना होता, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, हे मूल शेवटचं.

हालवर्दुर रान्वेगचा थोरला. अकरा वर्षांपूर्वी मासेमारीला गेला तो गेलाच. सोलरुन धाकट्याची बायको. तिनं दिराला पाहिलंही नव्हतं. त्या खोऱ्यात गेलेल्याचं नाव बाळाला ठेवायचं, तर त्यानेच पोटुशीच्या स्वप्नात येऊन ते मागावं लागतं. जिवंतांनी तोंड उघडायचं नाही. आधीच्या दोन नातवांच्या वेळी रान्वेगनं मुकाट्यानं वाट पाहिली. तो आलाच नाही.

हालवर्दुर म्हणजे खडकाचा राखणदार. घराण्यातला पहिला हालवर्दुर नॉर्वेहून उघड्या होडीत मेंढ्या घालून इथं उतरला. ज्वालामुखीची राख पडली त्या वर्षी दुसऱ्यानं एकुलती गाय शेजारच्या पोरांसाठी कापली. आता ते नाव चर्चच्या आवारातल्या एका दगडावर उरलं होतं, आणि दगडाखाली कुणी नव्हतं.

“काय म्हणाला?”

“म्हणाला, सोलरुन, मला घरी घे.”

रान्वेगनं सुई खाली ठेवली. बुडालेली माणसं स्वप्नात येतात ती निथळत, पायाशी थारोळं साचतं. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. सोलरुन मात्र राजधानीत, रेक्याविकला वाढलेली.

“ओला होता का गं फार?”

“छे हो आई. चांगला कोरडा होता. पायात लोकरीचे मोजे होते.”

पोरीला धड खोटंही बोलता येत नव्हतं. मान खाली घालून ती भराभर टाके घालत होती, कान लालबुंद झाले होते. रान्वेगला तिची फार माया आली.

“मग ठेवा नाव,” ती म्हणाली. “मागितलंय त्यानं, तर नाही कसं म्हणायचं?”

ती उठून गोठ्यात गेली. नवरा मेंढ्यांना गवत टाकत होता.

“आपला पोरगा आला होता. सुनेच्या स्वप्नात, नाव मागायला.”

म्हाताऱ्यानं गवताचा भारा खाली ठेवला. पोरगा अजून निथळतोय का, एवढंच त्याला विचारायचं होतं, आणि ते त्याच्या तोंडून निघेना.

“कोरडा होता,” रान्वेग म्हणाली. “पार कोरडा.”