गुराख्याची गाणी

पोळ्या लाटता लाटता कुमुदताई गुणगुणत होत्या आणि पेपरमागे बसलेल्या बुवांचा तिळपापड होत होता.

ओट्यावरच्या मोबाइलवर एका अमेरिकन सिनेमातली कंट्री गाणी चालली होती. गिटार खाजवत गाणारा कुणी घोडेवाला गुराखी! नातीने लावून दिल्यापासून महिनाभर तो घरात मुक्कामालाच आला होता. सांगलीत बुवांच्या नाट्यपदांना अजून वन्समोअर मिळायचा. चाळीस वर्षं कुमुदताई पहिल्या रांगेत बसत आल्या होत्या, पण बुवांचं एकही पद या बाईच्या ओठांवर कधी आलं नव्हतं.

शेवटी बुवांनी पेपर आपटला. "अगं, आहे काय त्या गुराख्यात? आवाज घोगरा, सूर धड लागत नाही, शब्द तुला कळत नाहीत!"

"नाहीच कळत," लाटणं न थांबवता त्या म्हणाल्या. "पण त्याच्याबरोबर गुणगुणायला भीती वाटत नाही. लग्न होऊन आले तेव्हा तुमचं एक पद गुणगुणले होते, आठवतं? पाहुण्यांसमोर बोट वर करून तुम्ही म्हणालात, 'गंधार चुकला.' त्यानंतर मी गायलेच नाही."

बुवांना काही आठवेना. तसं बोट त्यांनी शेकडो शिष्यांवर उगारलं होतं.

पुढचं गाणं लागलं. कुमुदताई पुन्हा गुणगुणू लागल्या आणि वरच्या सुरावर जराशा घसरल्या. बुवांचं बोट सवयीने वर गेलं. दुसऱ्या हाताच्या मुठीत त्यांनी ते घट्ट धरून ठेवलं, त्या गुराख्याचं गाणं संपेपर्यंत.