हलायचं नाही

एक पिढी अंधारात असते आणि तिच्या पोटची पिढी उजेडात येते, तो क्षण फार थोड्यांना डोळ्यांदेखत पाहायला मिळतो. मखमलाबादला फुलशेती करणाऱ्या सोमनाथरावांच्या घरी तो टीव्हीवर दिसणार होता. फक्त रिमोट सापडत नव्हता. शेवटी तो झेंडूच्या कॅरेटमध्ये निघाला.

मोबाइल टीव्हीला जोडला आणि पडद्यावर लेक वेदिका आली. डेन्मार्कच्या विद्यापीठात, परीक्षकांसमोर, पीएचडीच्या शेवटच्या परीक्षेला उभी. इकडे चंद्रभागाबाईंनी शालू नेसून टीव्हीसमोर मांडी घातली, पदर सारखा केला आणि नवऱ्याच्या बनियनकडे नुसतं पाहिलं. सोमनाथराव मुकाट्याने शर्ट घालून आले.

"आई, आपल्याला ताई दिसती. तिला आपण नाय दिसत," ललित म्हणाला.

"तुला काय माहीत? बालवाडीत मी खिडकीतनं दिसले तरच बसायची ती. हालू नको."

वेदिका इंग्रजीत बोलत होती. ललित जमेल तसं मराठीत सांगत होता.

"ताई म्हणती, श्रीमंत देशात आईबाप शिकलेले नसले तरी पोरं पुढं जातात. गरीब देशात बहुतेक नाय जात."

सोमनाथरावांनी विचार केला. "मंग ही कशी गेली?"

"तेच तर शोधती ती."

"आपल्याला विचारायचं ना."

"तुम्हाला माहीत हाय?"

"नाय."

मग एका पांढऱ्या दाढीवाल्याने काहीतरी विचारलं. वेदिका अडली. तिने केस कानामागे सारले आणि थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"हाय मी. बोल," चंद्रभागाबाई हळूच म्हणाल्या.

ललितही मांडी घालून ताठ बसला.

वेदिका बोलू लागली. ती थांबली तेव्हा दाढीवाला मान डोलावत होता. परीक्षक बाहेर गेले, परत आले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि पडदा काळा झाला. घरातलं कुणी जागचं उठलं नाही.

थोड्या वेळाने फोन वाजला. ललितने तो आईच्या कानाशी धरला.

"आई, झाले गं मी डॉक्टर."

चंद्रभागाबाईंच्या गालावरून पाणी ओघळत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. हात मांडीवरच होते.

"चांगलं झालं गं माझी बाय," त्या म्हणाल्या. "मंग आता उठू का? पायाला लय मुंग्या आल्यात."